बालहट्ट आणि व्यापारधर्म

गणेशचतुर्थीपासून दिवाळीपर्यंतचा काळ हा सणासुदीच्या दुकानदाराचा सुगीचा काळ होय. मखरे, तोरणे, आकाशकंदील, किल्ल्यावर मांडावयाची मातीची चित्रे आणि मुलांची खेळणी यांच्या विक्रीवर त्याच्या वर्षाचा हिशेब ठरतो. नफा मिळविण्यात गैर काहीच नाही. तो झाला नाही तर पुढील वर्षी दुकान उघडणार कसे? परंतु या व्यापारात एक पेच आहे. येथे वस्तू पसंत करतो एक आणि पैसे मोजतो दुसरा. मागणारे मूल आणि खिसा चाचपणारे आईबाप यांच्यामध्ये उभ्या असलेल्या दुकानदाराचा धर्म कोणता, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करू.

बोरगावात आमच्या पुतण्याचे असे दुकान आहे. घरातील सारेच त्यात हात लावतात. निवृत्तीनंतर सणाच्या दिवसांत आम्हीही गल्ल्यावर बसतो. निपाणीचा हा परिसर तंबाखूचा. विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रिया मुलांचा हात धरून दुकानात येतात. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते. चावीच्या मोटारीची किंमत म्हणजे किती विड्या, हा हिशेब आई मनातल्या मनात करीत असते. मुलाला त्याची कल्पना नसते. दुकानदाराला मात्र दोघांचेही चेहरे दिसतात. चतुर दुकानदार अशा वेळी मोटारीला चावी देतो आणि ती थेट मुलाच्या हाती ठेवतो. आता नकार द्यावयाचा तर आईने ती चारचौघांत हिसकावून घ्यावयाची. वस्तू खपते खरी, पण ती आईच्या संकोचावर खपते.

यावर कोणी म्हणेल की हट्ट पुरवावा की नाही, हे आईबापांनी ठरवावे. दुकानदार काही मुलाचा पालक नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. माल दाखविणे हे तर व्यापाऱ्याचे कामच आहे. पण दाखविणे निराळे आणि मुलाला त्याच्याच आईविरुद्ध उभे करणे निराळे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास मनाई केली. अर्विन टॉय या खेळण्यांच्या कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई वैध ठरविली. लहान मुलांना आर्जव आणि सत्य यांतील भेद कळत नाही, म्हणून त्यांच्या या अजाणतेपणाचा व्यापारासाठी लाभ उठवू नये, असा त्यामागील विचार होता.

आपल्याकडेही कायदे झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक चिन्ह बंधनकारक झाले. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे कायद्याचे मोल आम्ही जाणतो आणि मर्यादाही. खेळण्याचा रंग अपायकारक आहे की नाही, हे निरीक्षक तपासू शकतो. खेळणे कोणत्या हेतूने मुलाच्या हाती दिले, हे त्याला तपासता येत नाही. तेथे दुकानदाराची सद्‌सद्विवेकबुद्धी हाच एकमेव निरीक्षक.

मग गरिबाच्या मुलाला वस्तू फुकट द्यावी काय? आम्हांस तेही योग्य वाटत नाही. कष्टाची भाकरी खाणाऱ्या आईला मुलादेखत उपकाराखाली आणणे हा दयेच्या रूपातील अपमान आहे. तिला हवा असतो तो मानाने निवड करण्याचा अवकाश. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी पाट-देव्हाऱ्यांशेजारी छोटी रंगीत फळे आणि भातुकलीही मांडलेली असते. स्वस्त वस्तू म्हणजे टाकाऊ वस्तू, असा समज तेथे टिकत नाही. आंबोली घाट चढून आलेली ती लहान खेळणी आमच्या दुकानात मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठेवलेली आहेत. प्रत्येक वस्तूवर किंमत मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेली असते, म्हणजे कोणत्याही आईला ती विचारण्याचा संकोच पडू नये. आणि मोठ्या माणसाने मागितल्याखेरीज महागडे खेळणे मुलाच्या हाती द्यावयाचे नाही, असा घरचा दंडक आहे.

या दंडकाने विक्री कमी होते. सूनबाईंनी एकदा स्पष्टच विचारले, “काका, शेजारचे दुकानदार असे काही पाळत नाहीत, मग तोटा आपणच का सोसावा?” त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण दुकानाच्या उत्पन्नातूनच त्यांच्या मुलांच्या शाळेचा खर्च भागतो. तोटा होत नाही, असे सांगून त्यांची समजूत घालणे प्रामाणिकपणाचे ठरले नसते. जी नीती पाळण्यास काहीच पडत नाही, ती पाळण्याचे श्रेय तरी कसले?

आपल्यापैकी अनेकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या या प्रदेशात व्यापार-उदीम करीत आली. दोन भाषांच्या गावांत त्यांची पत टिकली ती शेजाऱ्यांच्या विश्वासावर. ‘घरचे दुकान’ असे अभिमानाने म्हणावयाचे, तर त्या दुकानाने गिऱ्हाइकाच्या घराचीही बूज राखली पाहिजे. पाच-दहा रुपयांचे मातीचे मावळे घेऊन जाणारी आई आणि तिचे मूल एकमेकांवर न रुसता दुकानाबाहेर पडावीत, एवढी काळजी घेणे आम्ही व्यापारधर्माचाच भाग मानतो.