रणांगणावरून घरचा कारभार

१९१४च्या जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले आणि दीड महिन्यात युरोपात महायुद्ध पेटले. पुढची चार वर्षे नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात हे युद्ध एकाच तराजूत तोलले गेले : सरकारला माणसे द्यायची तर कोणत्या अटीवर? १९१८मध्ये टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला. हिंदी माणसाला लष्करात अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, महाराष्ट्रातून पाच हजार जवान मी उभे करतो, नाही केले तर रक्कम जप्त, अशी ती पैज होती. गांधीजींनी चेक परत केला. या पैजेत ज्याची मोजदाद झाली तो शिपाई तेव्हा घरी पत्रे धाडत होता, आणि त्याच्या पत्रांतले विषय वेगळे होते : पाऊस, बैल, सावकार, भाऊबंदकीचा दावा, मुलीचे लग्न. युद्धाबद्दल त्यांत फारसे काही नाही, म्हणून इतिहासालाही त्यांचे काम नाही, असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. ही पत्रे म्हणजे दूर राहून चालवलेला घरचा कारभार आहे, आणि तसेच वाचले तर युद्धाची जी बाजू फौजेच्या दफ्तरात सापडत नाही ती त्यांत सापडते.

आधी ही पत्रे कशी घडली ते पाहू. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. गावात मास्तर, पोस्टमन किंवा लिहितावाचता येणारा एखादा शेजारी ते मोठ्याने वाचणार, आणि अंगणात चारचौघे ऐकणार. मधल्या वाटेवर सेन्सॉर बसलेला. फ्रान्समध्ये हिंदी सैन्याच्या टपालासाठी १९१४मध्येच सेन्सॉर कचेरी उभी राहिली आणि कॅप्टन हॉवेल तिचे प्रमुख झाले. पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात. ते अहवाल टिकले. मूळ पत्रे बहुतेक गेली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेलच्या हल्ल्यात जबर हानी सोसली. अशा पलटणींतल्या मराठी माणसाने घरी काय कळवले ते शोधायला गेलो, तर त्याची मराठी बोली आपल्याला तिऱ्हाइताच्या इंग्रजीतून ऐकावी लागते. ज्याने संशयाने पत्र फोडले त्याच्यामुळेच ते वाचले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याने लिहिलेले, सेन्सॉरने तपासलेले आणि 'इकडील सर्व खुशाल' अशा ठरीव ओळींनी भरलेले पत्र पुरावा कसे ठरेल? रणांगणाचा पुरावा म्हणून ते लंगडेच आहे. पण घरच्यांना त्यातून रणांगण कळावे अशी अपेक्षाच नव्हती. त्यांना हवी होती तारीख : या दिवशी आपला माणूस जिवंत होता. पुण्याचे नाव धारण करणाऱ्या सहाव्या डिव्हिजनकडे पाहा. मेसोपोटेमियात कुत येथे तिला डिसेंबर १९१५मध्ये वेढा पडला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत होत्या. बाहेरच्या जगाशी मुख्य संबंध उरला तो बिनतारी यंत्राचा, आणि त्यावरून शिपायाची खुशाली जात नसते. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि कैदेत हजारो मेले. खुशालीची ठरीव ओळ किती मोलाची होती हे ती थांबल्यावरच घराला कळले असणार.

शिवाय ठरीव ओळींच्या आडून शिपाई बरेच सांगून जात असे. हिंदी सैनिकांनी गोऱ्या आणि काळ्या फौजांसाठी तांबडी मिरची आणि काळी मिरी असे शब्द योजल्याचे सेन्सॉरच्या ध्यानात आले होते. भावाला, पुतण्याला भरतीत घालू नका, असा इशाराही काही उताऱ्यांत आढळतो. महिना अकरा रुपयांवर लढणारा माणूस आपल्या घरातून आणखी एक माणूस द्यायला नकार देतो, तेव्हा तो राजकीय मतच नोंदवत असतो. व्यासपीठावर जी भरती अटींवर तोलली जात होती, तिच्यावरचा हा शेतकरी घराचा अभिप्राय आहे.

दुसरा आक्षेप पुण्याच्या इतिहासपरंपरेतून येईल : राज्याचा कागद निराळा, घरचा निराळा. पण हीच परंपरा त्याला उत्तर देते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढून पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे पुढे आणली आणि बखरीपेक्षा मूळ कागद श्रेष्ठ हा दंडक घालून दिला. त्या काळच्या पत्रांत पानिपतचे सेनापती सदाशिवरावभाऊ उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांकडे सारखे काय मागत आहेत? पैका आणि रसद. सेनापतीच्या पत्रातले धान्य हा इतिहास असेल, तर शिपायाच्या पत्रातले बियाणे इतिहासाबाहेर कसे राहील? फरक इतकाच की भाऊंच्या कागदांना दफ्तर लाभले, शिपायाच्या कागदांना चूल किंवा वाळवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. घरातली कर्जे आणि भांडणे चव्हाट्यावर आणण्याचा हक्क कोणाला? कोणालाच नाही. म्हणून छापणे आणि जपणे यांत भेद करावा. कुटुंबाने मुदत घालावी, नावे झाकावीत. पण कागद रद्दीत जाऊ देऊ नये. कारण आता प्रश्न १९१४चा उरलेला नाही. १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांत '५६ एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून आलेली आंतरदेशीय पत्रे आणि चार शब्दांची खुशाली असलेली मनीऑर्डरीची चिठोरी आजही मराठी घरांतल्या ट्रंकांत असतील. ती घरी आली म्हणून टिकली. त्यांची उत्तरे मात्र खंदकात, छावणीत, पाठीवरच्या पिशवीत गेली. ती बहुधा बायकांची होती, आणि पेरणी खरोखर कोणी उरकली ते त्यांतच लिहिलेले होते. आज शिपायाचे पत्र हातात घेऊन त्याने काय विचारले ते नीट वाचले, तरच त्या हरवलेल्या उत्तरांचा काही अदमास लागेल. त्यासाठी निदान प्रश्न तरी शिल्लक राहिले पाहिजेत.