बांगड्या

खेळाडू आपल्या संघात असला की रोखठोक, समोरच्या संघात असला की तोंडाळ. जीभ तीच, जर्सी वेगळी.

19 फेब्रुवारी 2022. वास्कोचे टिळक मैदान. कोरोनाच्या साथीमुळे आयएसएल या फुटबॉल लीगचा सगळा हंगाम गोव्यातच चालला होता. एटीके मोहन बागान आणि केरळ ब्लास्टर्स यांचा सामना 2-2 असा सुटला, तोही अगदी शेवटच्या क्षणी झालेल्या बरोबरीने. बाहेर येता येता बागानचा बचावपटू संदेश झिंगन बोलून गेला, की बायकांशी सामना खेळून आलो. कॅमेरा चालू होता.

हा झिंगन आधी सहा वर्षे केरळचाच. 2020 मध्ये तो निघाला तेव्हा क्लबने त्याची 21 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. आता चाहते म्हणू लागले, तो मान काढून घ्या. आपल्या माणसाचा शब्द परक्यापेक्षा खोल रुततो. झिंगनने माफी मागितली. पण माझ्या घरच्यांना शिव्या देऊ नका, अशी विनवणीही त्याला करावी लागली. बायकांच्या मानासाठी पेटलेला राग एका घराच्या उंबऱ्यावर जाऊन पोचला. त्या उंबऱ्याच्या आत बायकाच असतात, हे कुणाच्या मनात आले नसेल का?

बोलणारे खेळाडू मला हवे आहेत. गप्प खेळाडू क्लबच्या सोयीचा असतो. 2018 च्या जूनमध्ये मुंबईत भारताच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार माणसे आली, तेव्हा कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडले: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. कर्णधाराने स्वतःसाठी शिव्या मागून घ्याव्यात, असे प्रेम या खेळात आहे.

म्हणून झिंगनने तोंड बंद ठेवायला हवे होते असे मी म्हणणार नाही. मला त्याचे वाक्य लागले, कारण ते माझ्या ओळखीचे होते.

आमच्या गावी, सर्वणला, भात कापून झाले, शेत सुकले, की चार महिने तेच मैदान. दोन दगड ठेवले की गोल. पायाखाली कापलेल्या भाताचे बुडखे टोचायचे, चेंडू कुठेही उडायचा. कुणाचा नेम चुकला की चारही बाजूंनी ओरड यायची, ‘हातात बांगड्या भरल्यास काय रे!’ मीही ओरडलो आहे, पुष्कळदा. त्या मुलाची मान खाली जायची. शिवी त्याला होती, पण तिच्यात कमीपणा कुणाचा होता, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. तिथे कॅमेरा नव्हता, म्हणून माफीही नव्हती.

झिंगन ते बोलला त्याच वर्षी, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये, 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. दोन्ही उपांत्य सामने गोव्यातच, फातोर्ड्याला. कोलंबिया आणि नायजेरियाच्या मुली शेवटपर्यंत झुंजल्या, कुणालाच गोल करता आला नाही, निकाल पेनल्टींवर गेला. टिळक मैदानावर ते वाक्य उच्चारले गेले त्याला आठ महिने झाले होते.

पुढच्या वर्षी झिंगन एफसी गोवाचा झाला. आता आमची पोरे फातोर्ड्याला त्याच्या नावाने ओरडतात. ओरडावेच, प्राण पणाला लावून बचाव करणारा गडी आहे. पण त्या वाक्याचे काय झाले? त्या वाक्याशी कुणी बोलले नाही, भांडले नाही, ते समजून घेतले नाही. जर्सी बदलली आणि ते वाक्य धुतले गेले.

माझी धाकटी बहीण मेरेवर बसून आमचे शर्ट आणि चपला सांभाळायची. चेंडू तिच्या बाजूला गेला की उठून लाथेने परत मारायची. तो नेमका माझ्या पायाशी यायचा.