गर्दीतून बाजूला

(सामान्य काळातील तेविसावा रविवार : मार्क ७:३१-३७)



आजच्या शुभवर्तमानात दकापलीस प्रांतातील लोक एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला प्रभू येशूकडे आणतात आणि त्याच्यावर हात ठेवण्याची विनंती करतात. इतर अनेक ठिकाणी येशू एका शब्दात आजार बरा करतो. इथे तसे घडत नाही. तो आधी त्या माणसाला गर्दीतून बाजूला घेतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी तो त्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे स्पर्शाने, बोलतो. कानांत बोटे घालतो, जिभेला हात लावतो, वर पाहून उसासा टाकतो, आणि मगच तो एक शब्द उच्चारतो. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कानांना व ओठांना स्पर्श करण्याची जी प्रथा आहे ती याच प्रसंगातून आली. सर्व झाल्यावर येशू लोकांना बजावतो, की हे कोणालाही सांगू नका.

यंदा हे वचन मी आपल्या धर्मग्रामातील काही आईवडिलांना डोळ्यांसमोर ठेवून वाचले. त्यांच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या प्रत्येक चर्चमध्ये अशी कुटुंबे आहेत. ती शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात. काहींनी मिस्साला येणेच सोडले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा कोणाचा शाप नाही, पापाची शिक्षा नाही आणि दुष्टात्म्याची बाधा तर नाहीच. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे मोठमोठे तज्ज्ञ आईच्या थंड स्वभावाला दोष देत राहिले. ते खोटे ठरले. मूल मेंदूच्या वेगळ्या घडणीसह वाढत असते. तरीही आपल्या घरांत सुनेला बोल लावला जातो, नाहीतर ‘त्याचा बापसुद्धा उशिराच बोलला’ म्हणत दोन वर्षे निघून जातात. प्रार्थना अवश्य करा, पण आरोग्यदानाच्या रिट्रीटसाठी मुलाची थेरपी बुडवू नका.

आता खरा प्रश्न. निदानाचा कागद हाती आला, की स्टेशनपासून घरापर्यंत थेरपी सेंटरच्या पाट्याच पाट्या दिसू लागतात. कुठे जायचे? मी या विषयातला डॉक्टर नाही, पण जाणकारांकडून जे समजून घेतले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

‘सहा महिन्यांत मूल नॉर्मल’ अशी जाहिरात जिथे असेल तिथून परत फिरा. बरे करणाऱ्या प्रभूने गाजावाजा नको म्हटले, मग हे कोण हमी देणारे? स्टेम सेलच्या नावाखाली तर लाखो रुपये घेतले गेले आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ साली ऑटिझमवरील उपचार म्हणून त्याची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. दागिने मोडण्याआधी हे लक्षात ठेवा.

नंतर विचारा, की माझ्या मुलासोबत रोज कोण बसणार? पाटीवर नाव एका मॅडमचे आणि खोलीत नुकतीच कामाला लागलेली मुलगी, असे होऊ शकते. शिकाऊ असणे हा गुन्हा नाही, पण तिच्यावर देखरेख कोणाची हे कळले पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट व विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. तो नंबर मागायला संकोच करू नका. वर्तन-उपचार, ज्याला एबीए म्हणतात, त्याची बीसीबीए ही पदवी अमेरिकेतील एका मंडळाचे प्रमाणपत्र आहे, आपल्या सरकारचा परवाना नव्हे. त्यामुळे आईवडिलांना स्वतःच अधिक डोळसपणे पाहावे लागते.

या उपचाराचा इतिहासही जाणून घ्यावा. कॅलिफोर्नियाच्या लोवास यांनी १९८७ साली १९ लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला सुमारे ४० तास शिकवल्यावर त्यांतील ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतरांसारखी शिकू लागली, असे त्यांनी मांडले. त्या आकड्याने जगभर आशा निर्माण झाली, पण त्यावर टीकाही झाली, कारण त्या पद्धतीत मुलांना धाक व मार यांचाही वापर होता. आज चांगले केंद्र तसे करत नाही. ते खेळातून, मुलाच्या आवडीतून शिकवते. तरी ‘४० तास घेतलेच पाहिजेत, अर्धे पैसे आगाऊ भरा’ असा आग्रह कोणी धरला तर घाबरून सही करू नका. संध्याकाळच्या लोकलने दमलेले मूल डोंबिवलीहून ठाण्याला नेऊन-आणून काय शिकते, हे आईला कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त कळते. घराजवळचे थोडे तास आणि तीच गोष्ट घरी कशी करून घ्यायची याचे आईवडिलांना मिळालेले शिक्षण, हे कित्येकदा अधिक उपयोगी पडते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ते मुलाला काय शिकवणार आहेत? हात हलवू नको, माझ्या डोळ्यांत बघ, गप्प बस, एवढेच ध्येय असेल तर त्यात सोय आपली आहे, मुलाची नाही. येशूने त्या माणसाला चारचौघांसारखा दिसायला नव्हे, बोलायला मोकळे केले. पोट दुखते हे मुलाला सांगता यावे, शब्दाने नसेल तर चित्राने. नको असेल तर ‘नको’ म्हणता यावे. शौचाला जाता यावे, रस्त्यावर हात सोडून पळू नये. असे लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी काय झाले ते विचारा. नोंदी ठेवणारे केंद्र दाखवायला कचरत नाही.

आणि दार. तुमचे मूल आत असताना तुम्हाला पाहू देत नसतील, काचेतूनही नाही, तर तिथे मूल ठेवू नका. मारणे, कोंडणे, पाण्यावाचून बसवणे हा उपचार नव्हे. प्रभूने त्या माणसाला गर्दीपासून बाजूला नेले, पण त्याच्या माणसांपासून तोडले नाही. थोड्याच वेळात तो त्यांच्यात परतला.

भाषेविषयीही एक शब्द. घरी मराठी आणि सेंटरमध्ये फक्त इंग्रजी, म्हणून आजीलाही इंग्रजीच बोलायला सांगतात. दोन भाषांमुळे अशा मुलांचे नुकसान होते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. आजीला तिच्या भाषेत नातवंडाशी बोलू द्या.

खर्चाचे म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ते टाळणारी घरे आहेत, त्यात नुकसान मुलाचे होते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो आणि त्यात थेरपीसाठीही ठरावीक मर्यादेत तरतूद आहे. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर ऑफिसात या.

पोप फ्रान्सिस यांनी २२ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये ऑटिझम असलेल्यांची व त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली होती. आपल्याला इतके दूर जायला नको. शेजारच्या इमारतीतील त्या आईच्या धाकट्या मुलीला थेरपीच्या तासापुरते आपल्या घरी बसवून घ्या. ज्यांची मुले या वाटेने जाऊन आता मोठी झाली आहेत त्यांनी नव्या आईवडिलांशी बोलावे, कोणते सेंटर कसे आहे ते सांगावे. आणि मिस्सा चालू असताना एखादे मूल मोठ्याने ओरडले तर मागे वळून पाहू नका. दुसऱ्या मिस्साला स्पीकरचा आवाज थोडा कमी ठेवायला मी साउंडवाल्या मुलाला सांगितले आहे.