नक्षीतले अक्षर

अक्षरांची नक्षी करणारा एक शब्द घेतो, तो उलटा-सुलटा जोडतो आणि पुन्हा पुन्हा मांडतो. मग डोळा शब्द वाचत नाही, नुसती वेलबुट्टी पाहतो. ग्रानाडाच्या अल्हम्ब्रा महालात ‘अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही’ हे नसरी सुलतानांचे ब्रीद भिंतीभिंतीवर असेच नक्षी होऊन बसले आहे. १४९२ मध्ये ग्रानाडा पडले. वाचणाऱ्याला आज त्या नक्षीत राजाचा रुबाब नव्हे, राजालाच दिलेली ताकीद दिसते.

न वाचणाऱ्याचे काय होते? फेब्रुवारी २०२४ मध्ये लाहोरच्या बाजारात एका बाईच्या कपड्यांवर अरबी अक्षरांची नक्षी होती. जमावाला त्या आयती वाटल्या. पोलिसांनी तिला वाचवले. कापडावरचा शब्द होता ‘हलवा’, म्हणजे अरबीत गोड, सुंदर. तरी माफी मागितली ती तिनेच.

अक्षराची अदब राखावी, यात वाद नाही. पण लिपी पाक आणि मजकूर कोणताही, असे कसे चालेल? अरबी लिपीत दुआ लिहितात, तसा किराण्याचा हिशेबही लिहितात. पहिल्या वहीतला पहिला हुकूम वाचण्याचा होता. जो वाचत नाही, तो अक्षराची नव्हे, आपल्याच भीतीची अदब राखतो.