हरवलेलें पदक आणि शिपायाचा मान

पदक हरवलें, चोरीस गेलें किंवा मोडलें, तर शिपायाचा मान गेला काय? हा प्रश्न खेड्यांतील जुन्या शिपायांच्या घरीं पुष्कळदां निघतो. आमचें उत्तर असें कीं, पदक हा सेवेचा साक्षी आहे; तें स्वतः सेवा नव्हे. १९१४–१८ च्या महायुद्धांतील रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं उमटविलेलीं असत. अडचणींत कोणी तें सोनारास विकलें असेल. तरी मुशींत रुपें वितळलें, सेवा वितळली नाहीं.

मग दुसरें पदक घ्यावें काय? खुशाल घ्यावें, पण सरळ मार्गानें. तोफखान्यांतील शिपायांच्या सेवेची नोंद नाशिक रोड येथील अभिलेख कार्यालयांत असते. चोरी झाली असल्यास पोलिसांत वर्दी द्यावी, व तिची नक्कल जोडून तेथें अर्ज करावा. असें मिळालेलें पदक खोटें नव्हे; त्याच्या पाठीशीं नोंद उभी आहे. परंतु बाजारांतून पदक विकत घेऊन न केलेल्या सेवेचा मान छातीवर मिरविणारा मनुष्य खोटी साक्ष देतो.

वाचकहो, पदकाबरोबर सेवेचे कागदही जपा, आणि तें कोठें व कशाकरितां मिळालें हें मुलांस सांगून ठेवा.