आधी श्वास, मग पाढे

तुम्ही दोघं माझ्याकडे शाबासकी घ्यायला आला होतात, हे मला कळलं. ती मिळणार नाही. वारंवार आजारी पडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढलंत, घरीच शिकवायचं ठरवलंत, आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या तब्येतीचा, अभ्यासाचा आणि स्वतःच्या खिशाचा असा खेळखंडोबा केलात की गप्प बसणं मला शक्य नाही. माझं आयुष्य शाळेत गेलं. तेव्हा राग येऊ द्या, पण पूर्ण ऐका.

तुमच्या घरी मी त्याची गणिताची वही चाळली. प्रत्येक पानावर तारीख, रोज एक पान, एकही दिवस कोरा नाही. सतराचा पाढा पानामागून पान उतरवलेला. मधल्या एका पानावर अक्षरं ओळ सोडून खाली घसरली आहेत, आणि त्याखाली लाल पेनाने ‘अपूर्ण’ असा शेरा आहे. ती तारीख मी तुम्हाला विचारली. आदल्या रात्री त्याला धाप लागली होती, दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला होता, असं तुम्हीच सांगितलंत. रात्रभर श्वासासाठी धडपडलेल्या पोराला सकाळी आठला पाढा लिहायला बसवलंत आणि वर शेरा मारलात! शाळेतल्या कुठल्याही बाईंनी हे केलं असतं, तर तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन भांडला असतात. मग घरात हे कसं चालतं?

पलंगासमोर मोठा पांढरा फळा. भिंतीवर आठ ते दोनचं वेळापत्रक, तासिकांसकट. टेबलावर टॅबलेट, त्यात हप्त्यांवर घेतलेलं शिकवणीचं अ‍ॅप. शाळेची फी आणि बसभाडं वाचलं म्हणता, आणि वाचलेले पैसे त्या हप्त्यात घालता. तुमच्याच जयपुरातल्या प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाने कोचिंग हब उभारला आहे. येता-जाता तिथल्या क्लासच्या पाट्या वाचून आपलं पोर मागे पडेल ही धास्ती घेतलीत, आणि तीच पलंगासमोर आणून टांगलीत. शाळेचा जाच नको म्हणून ज्याला घरी आणलं, त्याला त्याच जाचात दिवसभर कोंडून ठेवलंत. घरी मधली सुट्टी नाही, शेजारच्या बाकावरचा मित्रही नाही.

आता मुद्द्याचं. मुलाला घरी का ठेवलंत? दमा आहे म्हणून. ठीक. मग पहिला प्रश्न अभ्यासाचा नाही, दम्याचा आहे. रोज घ्यायचा पंप आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप ही दोन वेगळी औषधं आहेत. पहिलं श्वासनलिकांची सूज खाली ठेवतं, आणि ते नेमाने घेतलं तरच त्याचा गुण दिसतो. दुसरं आकसलेल्या नळ्या काही मिनिटांत मोकळ्या करतं. खोकला थांबला की तुम्ही पहिलं बंद करता, कारण पंपाची सवय लागते असं कुणीतरी सांगितलं. पंपाला जोडायचा स्पेसर कपाटात पडलेला मी पाहिला. तो न लावता तोंडात मारलेला फवारा बराचसा घशातच राहतो. दिवाळीचा धूर, डिसेंबर-जानेवारीची थंडी, मे-जूनची धुळीची आंधी, जयपूरचं हे सगळं दरवर्षी ठरलेलं. त्याआधी डॉक्टरांना भेटून तयारी केलीत का? नाही. प्रत्येक वेळी रात्री धावपळ, मग आठ दिवस शाळा बुडाली, मग पुन्हा तेच. दमा नीट आटोक्यात असलेली बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात, धावतात. औषधातली हयगय तुमची आणि घर सोडायचं नाही ही शिक्षा त्याला, हे मला मान्य नाही.

खर्चाचं निमित्त सांगू नका. प्रताप नगरातच सरकारी रुग्णालय आहे, शहरात खास मुलांसाठी जे. के. लोन आहे, आणि राजस्थानच्या सरकारी रुग्णालयांत २०११ पासून मोफत औषध योजना चालू आहे. तिथे बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि स्पष्ट विचारा: याला शाळेत पाठवू नये असं तुमचं मत आहे का? असेल तर किती महिने? उत्तर लिहून घ्या. डॉक्टर पाठवा म्हणाले, तर घरच्या शाळेचा विषय तिथेच संपला. मनातल्या भीतीला डॉक्टरांचं मत समजू नका.

दुसरी गोष्ट, शाळा. तुम्ही टीसी काढून मोकळे झालात. त्याआधी मुख्याध्यापकांशी एकदा तरी बसून बोललात का? आजारपणाची कागदपत्रं देतो, हजेरी कमी भरेल, बुडलेला अभ्यास घरी करून घेतो, नाव तेवढं ठेवा, असं म्हणालात का? शाळेने नाही म्हटलं असतं तर जवळच्या सरकारी शाळेत विचारलंत का? तिथे फी नाही आणि पुस्तकं फुकट. सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर शेवटी जे करायचं, ते तुम्ही पहिल्यांदा केलंत.

आणि कायदा? ‘होमस्कूलिंगला बंदी नाही’ एवढं एक वाक्य कुठूनतरी ऐकून आलात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून आजवर कितीतरी घरांत मुलं शिकली. पण घरच्या शाळेला वेगळी मान्यताही त्यात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला तो तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना. आजारही अपंगत्वात धरतात म्हणाल, तर थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत होतो. दम्याचा होत नाही. तेव्हा त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

याच कायद्यात तुमच्या मुलाच्या भल्याचीही एक तरतूद आहे. शाळेबाहेर राहिलेलं मूल परत आलं, तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष शिकवणी द्यावी लागते, आणि वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे एक वर्ष घरी गेल्याने आभाळ कोसळत नाही. मग सतराच्या पाढ्यासाठी त्याच्या उरावर बसायचं कारण काय?

पुढच्या परीक्षांचीही माहिती घ्या, उगाच जीव खालीवर करू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क स्तर चालवते. चौदा पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटा करत पुढे जाता येतं. ऐन परीक्षेच्या महिन्यात आजारी पडणाऱ्या मुलाला याहून सोयीची व्यवस्था कुठली? राजस्थानचं स्वतःचं स्टेट ओपन स्कूलही जयपुरातच आहे. पुढेमागे महाराष्ट्रात परतलात तर दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पण या सगळ्याला कागद लागतात. टीसी, जन्मदाखला, जुनी प्रगतिपत्रकं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका फाइलीत लावा. तुमच्या घरात टीसी फ्रिजवर वर्तमानपत्राखाली पडली होती. याला निष्काळजीपणा म्हणतात.

त्या मुंबईच्या मुलीचं उदाहरण मला पुन्हा देऊ नका. दहावी-बारावीच्या दाखल्याविना घरी शिकलेली ती मुलगी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, हे खरं. ती गेली संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर. तिचं कौतुक करा, पण दम लागणाऱ्या तिसरीतल्या पोराच्या डोक्यावर तिचं ओझं ठेवू नका.

आता पैशांचं. अंथरूण पाहून पाय पसरा. अ‍ॅप मुदत संपली की बंद करा, मधेच सोडता येत असेल तर आजच. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, छापील घेतलीत तरी एका अ‍ॅपच्या हप्त्यात वर्षाची येतील. तिसरीचं ‘गणित मेला’ आणा आणि त्यातला खेळ सोडून फक्त उदाहरणं करून घेऊ नका. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टींची पुस्तकं फुकट आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही फुकट वाचता येतात. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून भूमिती शिकवली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. हे पलंगावर बसून करता येतं, आणि पोराने एकदा हाताने केलं की पुलाच्या लोखंडी जाळीत त्रिकोण का असतात, हे फळ्याविना कळतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर काय केलं, ते मराठी घरात माहीत असायला हवं. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही, कुरणातच शाळा नेली. साधनं काय, तर खडे, बिया, पानं, शिंपले. मूल जिथे आणि जसं आहे, तिथून त्यांनी सुरुवात केली. आणि तुमच्यापासून फार लांब नाही, जगतपुऱ्याकडे ‘दिगंतर’ ही शिक्षणात काम करणारी संस्था आहे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या त्या कामात मुलांना ज्याच्या त्याच्या गतीने शिकू दिलं. जयपुरात राहून तिथे एकदा चौकशी करावीशी वाटली नाही तुम्हाला.

भिंतीवरचं वेळापत्रक फाडा. सकाळी त्याच्याकडे बघून दिवस ठरवा. रात्री झोप नीट झाली आणि श्वास मोकळा असेल, तर दीड-दोन तास अभ्यास, तोही मध्ये उठू देऊन. अर्धवट बरा असेल तर वाचून दाखवणं, गोष्ट, चित्र, बस. धाप असेल, ताप असेल त्या दिवशी वही उघडायची नाही. त्या दिवसाचं पान कोरं राहू द्या आणि त्यावर फक्त ‘आजारी’ एवढं लिहा. त्या नोंदी उद्या डॉक्टरांना दाखवता येतील, शाळेलाही. स्वयंपाक करताना त्याच्याकडून वाटीने तांदूळ मोजून घ्या, वाण्याच्या बिलाची बेरीज करून घ्या. घरात मराठी बोला, वाचा. नागपूरची आजी रोज फोनवर औषधांची चौकशी करते, तिला म्हणावं त्याऐवजी रोज एक गोष्ट सांगा.

आणि आईला उद्देशून नाही, वडिलांना उद्देशून बोलते. घरी शिकवायचं तुम्ही ठरवलंत आणि शिकवायला बायकोला बसवलंत. तिने नोकरी सोडली. तुम्ही संध्याकाळी येऊन वही तपासता आणि किती झालं ते विचारता. ही उंटावरून शेळ्या हाकण्याची रीत बंद करा. रात्रीचा पंप, सकाळचा अर्धा तास आणि रविवारचा अख्खा अभ्यास तुमच्याकडे घ्या. संध्याकाळी हवा बरी असेल त्या दिवशी त्याला सेक्टरच्या बागेत नेणंही तुमच्याकडे. चार पोरांत तो रोज मिसळला पाहिजे. जुन्या वर्गातल्या एखाद्या मित्राला आठवड्यातून एकदा घरी बोलवा. आणि त्याच्यादेखत ‘हा तर कायमच आजारी’ हे वाक्य दोघांपैकी कुणीही पुन्हा उच्चारायचं नाही. तो ऐकतो, आणि स्वतःबद्दल तेच खरं मानायला लागतो.

जमेल हे. तुम्हाला त्याची काळजी आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, म्हणूनच इतकं बोलले. या आठवड्यात डॉक्टर, त्यानंतर शाळा, मग कागदांची फाइल, आणि या तिन्ही गोष्टी होईपर्यंत अभ्यासाचा शब्द काढू नका. तीन महिन्यांनी डॉक्टर पाठवा म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी त्याचं दप्तर भरा आणि स्वतः सोडायला जा. घरी शिकवणं जमतंय म्हणून त्याला अडवून ठेवलंत, तर तुमची गाठ माझ्याशी आहे.