आधी ताट, मग नाव

होमरच्या ‘ओडिसी’त स्केरिया नावाचे एक समुद्रकाठचे नगरराज्य आहे. ते कल्पनेतले, पण माझे मन वारंवार तिकडे धाव घेते. दोन अंगांना दोन बंदरे, मधून अरुंद वाट, राजा अल्किनूसच्या बागेत बारमाही फळे, आणि सुकाणूवाचून, खलाशाच्या मनातले ओळखून चालणारी गलबते! तिथल्या फिआकी लोकांना लढाईपेक्षा वल्ही, नाच, गाणे नि मेजवानी प्रिय.

पण मला खरा मोह पडतो तो त्यांच्या एका रीतीचा. नौका फुटून किनाऱ्याला लागलेला ओडिसियस राजवाड्यात येतो आणि चुलीपाशी राखेत बसतो. राजा त्याला हात धरून उठवतो, लाडक्या मुलाला बाजूला सारून त्याच्या आसनावर बसवतो, जेवू घालतो, घरी पोचवण्याचे वचनही देतो. पाहुण्याचे नाव कळते ते दुसऱ्या दिवशी रात्री! आपल्याकडेही आधी गूळपाणी, मग विचारपूस. म्हणूनच की काय, ही माणसे मला घरची वाटतात.

या चांगुलपणाची किंमत मात्र भारी पडली. ओडिसियसवर समुद्रदेव पोसायडनचा राग. त्याला पोचवून परतणारे गलबत देवाने लोकांच्या डोळ्यांदेखत दगड करून टाकले. आता नगराभोवती डोंगर उभा राहणार, या भयाने राजाने जाहीर केले, यापुढे परक्यांना पोचवणे बंद! १२ बैल बळी द्यायला काढून लोक वेदीभोवती प्रार्थना करीत उभे राहिले, आणि होमर त्यांना तिथेच सोडून पुढे जातो.

राजाला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. गलबतावर ५२ तरुण होते. त्यांच्या आयांना मी कोणत्या तोंडाने औदार्य शिकवू? पण फिआकीदेखील कधीकाळी सायक्लोपांच्या जाचाने घरदार सोडून आलेले. त्याच भूमध्य समुद्रात २०१३ च्या ऑक्टोबरात लाम्पेदूसा बेटापाशी नाव बुडून साडेतीनशेहून अधिक निराश्रित माणसे गेली. पोसायडन गेला, प्रश्न उरला.

मला वाटते, गलबत केव्हा हाकारावे हे भयाला विचारून ठरवावे. त्यात लाज नाही. पण किनाऱ्याला लागलेल्यापुढे ताट मांडावे की नाही, हे मात्र भयाला विचारू नये. अल्किनूसने पोचवणे थांबवले. जेवू घालणे थांबवले, असे होमर कुठे म्हणत नाही. एवढ्याशा फटीतून मला स्केरियातला दिवा अजून दिसतो.